पऱ्हाटी

दर्यापूरच्या वाटेवर, मोहोरखेडच्या मिशन बोर्डिंगात
दोर्काबाई भाकरी थापायची, आणि आम्ही चुलीभोवती.
चर्चला घंटा नव्हती, रुळाचा एक तुकडा टांगलेला होता;
तो वाजायच्या आत तिची गोष्ट संपायची.

"बाप्पा, पहिले बोंड फुटतच नोतं.
पऱ्हाटी म्हणे, माह्यं मी पोटात ठेवीन.
हिरवं, गच्च, मुठीवाणी.
मंग थो शुक्रवार आला.
सुताराच्या पोराले खिळ्यावरून उतरोलं,
अन् मायच्या जवय पांघराले फडकं नाही.
वारा साऱ्या मुलखात फिरला, झाडाझाडाले इचारत.
साग म्हणे, माहीं पानं मोठी, पण खरबरीत.
पळस म्हणे, मी लाल. रगतावर रगत कसं घालू?
पऱ्हाटी काहीच नाही म्हणे.
तिले ठाऊक होतं, एकदा उललं तं मिटता येत नाही.
रातभर कन्हली बाई, बाळंतिणीवाणी.
पहाटे पाहा तं सारं वावर पांढरं."

"काकू, पण इथून तिथं कापूस गेला कसा?"
"वाऱ्यानं. तुह्या नाकात नाही जात का रोज?"

पाद्री वानखडेसाहेब एकदा दारात उभे राहून ऐकत होते.
म्हणाले, "बाई, शास्त्रात असं नाही.
तागाचं कापड होतं. अरिमथाईच्या योसेफानं आणलं."
दोर्काबाईनं भाकरी उलटली.
"आणलं ना, साहेब. मी कुठं नाही म्हणते.
पण योसेफ येईपर्यंत?"

तिच्या पत्र्याच्या पेटीत एक पांढरं लुगडं होतं,
डांबरगोळ्यांच्या वासाचं, लग्नाच्या दिवशी नेसलेलं.
वर्षातून एकदा ते उन्हात घालायची,
वासरू राखावं तसं त्याच्याजवळ बसून राहायची.
"हे माह्यं शेवटचं," म्हणायची,
जसं कुणी म्हणतं, हे माझं गाडीचं तिकीट.

मी आठवीत होतो तेव्हा, पौषात,
नाल्यापल्याडचा गुणवंता गेला.
बोटं आधीच गेली होती, एकेक करून; आता तो.
दोन गावांत निरोप धाडले. कुणी आलं नाही.
दुपार कलली तरी तो तसाच, गोणपाटावर.
कंदील घेऊन मी तिच्या मागे गेलो,
आणि नाल्याच्या अलीकडेच थांबलो. हे लिहायला हवं.
तिनं पाणी तापवलं, त्याला धुतलं,
टाचेच्या जखमेतली माती नखानं काढली.
परत आली तेव्हा हातात रिकामी पेटी होती.
मी विचारलं, "काकू, तुमचं शेवटचं?"
म्हणाली, "थंडी वाजत होती रे त्याले."

बावीस वर्षांनी तार नाही, फोन आला.
अकोल्याच्या बाजारात मी पाच मीटर पांढरं कापड घेतलं,
चांगलं, महागातलं, भाव न करता.
एसटी मूर्तिजापूरच्या पुढे पंक्चर झाली.
पोचलो तेव्हा दिवे लागले होते,
आणि पेटीचं झाकण अजून उघडं.

वेचणीचे दिवस होते. वावरातून बाया थेट आल्या होत्या,
बौद्धवाड्यातल्या, कुणब्यांच्या, दोघी-तिघी नाल्यापल्याडच्या,
कमरेला वेचणीच्या ओट्या तशाच बांधलेल्या.
कुणी काही ठरवलं नव्हतं म्हणे.
पहिली वाकली आणि ओटी सोडली.
मग दुसरी.
सरकीसकट, पालापाचोळ्यासकट,
हनुवटीपर्यंत कापूस.
चेहरा तेवढा उघडा, चुलीसमोर असायचा तसा, किंचित घामेजलेला वाटावा असा.

म्हातारे वानखडेसाहेब प्रार्थना म्हणत होते.
मध्येच थांबले. शिंकले.
काळ्या कोटावर तंतू चिकटले होते,
ते त्यांनी झटकले नाहीत.

मी मागे उभा होतो, काखेत पुडकं धरून,
योसेफ, उशिरा आलेला.
कुणी ते मागितलं नाही.
मीही पुढे केलं नाही.

ते कापड अजून माझ्या कपाटात आहे.
दुकानदारानं घातलेली घडी तशीच.
हिवाळ्यात कधीतरी रात्री, रस्त्यावर कुणी खोकलं की
मी उठतो, कपाटापर्यंत जातो,
कडीवर हात ठेवतो.